एका पानात दोन दोरे

१

रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच माणसं जमायची आणि कादंबऱ्यांची सालं काढायची. परीक्षेसाठी नाही, पगारासाठी नाही, कुणी शाबासकी देईल म्हणूनही नाही. निव्वळ मजेखातर वाचलेल्या कादंबऱ्या. खोलीत एक लांब टेबल, खिडकीखाली कप धुवायचं बेसिन आणि पाच खुर्च्या. त्यातली एक डुगडुगायची. तिच्यावर बातमीदार बसायचा. ती दुसऱ्याला दिली असती तर कुरकुरायचं एक कारण गेलं असतं.

तो निवृत्त झाला होता, पण हा शब्द त्याच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती. छत्तीस वर्षं त्याने मोठमोठ्या खुर्च्यांना घाम फोडला होता. रांगेत, जिन्यात, वादात, कुठेही त्याने कुणाला वाट दिली नव्हती. कादंबरी म्हणजे न घडलेल्या गोष्टीची बातमी, असं म्हणून त्याने उभ्या नोकरीत एकही वाचली नाही. निवृत्तीनंतर थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला ओढून या टेबलाशी आणलं आणि दोन महिन्यांत गडी असा रमला की रविवारची वाट शनिवारी सकाळपासून पाहायला लागला. अर्थात विचारलं असतं तर त्याने साफ नाकारलं असतं.

वाचनालयात नव्या कादंबरीची एकच प्रत यायची. पूर्वी त्यावरून हमरीतुमरी व्हायची, दंतवैद्याने तर एक कादंबरी दोन महिने दाबून ठेवली होती आणि विचारलं की म्हणायचा, "रूट कॅनाल चालू आहे, मधे सोडता येत नाही." शेवटी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकूंनी तोडगा काढला. प्रत्येकाला एक वार. सोमवार ताईचा, मंगळवार बातमीदाराचा, बुधवार दंतवैद्याचा, गुरुवार काकूंचा, शुक्रवार ग्रंथपाल बाईंचा. शनिवारी पुस्तकाला सुट्टी. खूण म्हणून काकूंनी पाच रंगांचे जाड दोरे कापून दिले. ताईचा लाल, बातमीदाराचा निळा, दंतवैद्याचा अर्थातच पांढरा. सगळ्यात मागे ज्याचा दोरा, तिथपर्यंतच रविवारी बोलायचं. पुढचं कुणी बोललं, तर त्याने सगळ्यांचे कप धुवायचे.

बातमीदार प्रत्येकाचं मत शब्दन् शब्द वहीत उतरवून घ्यायचा. तशी गरज कुणालाच नव्हती. "मी न गेलेल्या सभेची बातमी आयुष्यात दिली नाही," असं तो दर रविवारी एकदा तरी म्हणायचा, आणि दंतवैद्य ते बोटांवर मोजायचा.

त्या रविवारी एका पुलाच्या पहारेकऱ्याची कादंबरी टेबलावर होती.

"दीडशे पानं झाली, पुलावरून एक माणूस गेला नाही," बातमीदाराने तोफ डागली. "मग बांधला कशाला? चौकशी बसवली पाहिजे."

"कुणावर? लेखकावर की कंत्राटदारावर?" दंतवैद्य म्हणाला.

"दोघांवर! नवा रस्ता झाला, पूल ओस पडला, तरी हा बाबा रोज संध्याकाळी दिवा लावतो, शीळ घालतो. कुणाच्या हुकमावरून? लेखक बोलत नाही. दडवतोय."

"तुम्हाला कादंबरी नको, खुलासा हवाय," काकू म्हणाल्या.

ताई गालात हसत होती. "एवढा आव आणू नकोस," ती म्हणाली. "ते कुत्र्याचं पान आलं तेव्हा काय झालं होतं? कुत्रा बहिरा झालाय, हे पहारेकऱ्याला ठाऊक आहे, आणि तरी तो त्याच्यासाठी शीळ घालतो. ते वाचताना ह्याचा गळाच दाटून आला. मी म्हटलं, घोटभर पाणी पी आणि मग पुढे जा."

टेबलाभोवती हशा पिकला.

"साहेब, रडलात?" दंतवैद्याने विचारलं.

"कोण रडलं? कुठला कुत्रा?" बातमीदार म्हणाला. "मी एकशे पन्नासवर आहे. मंगळवारी मी गटाराच्या झाकणाचा अर्ज लिहीत होतो, पुस्तक उघडलंसुद्धा नाही. ताई, नियम मोडलास. ऊठ, कप धू."

ग्रंथपाल बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. "नियम मोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "निळा दोरा एकशे नव्वदवर आहे. ताईंच्या लालशेजारी."

त्यांनी पुस्तक सगळ्यांपुढे धरलं. एकाच पानात लाल आणि निळा, दोन दोरे शेजारी शेजारी पडले होते.

२

डॉक्टरचा चावटपणा, असं बातमीदाराने तिथल्या तिथे जाहीर केलं. बुधवारी पुस्तक त्याच्याकडेच असतं. निळा दोरा उचलून पुढे ठेवायला असा कितीसा वेळ लागतो? दंतवैद्य शपथा घेत राहिला. बातमीदाराने सगळ्यांदेखत निळा दोरा मागे एकशे पन्नासवर नेला, वहीत तशी नोंद केली, पुस्तक काखोटीला मारलं आणि ताईला घेऊन घरी आला.

सोमवारी तो नेहमीप्रमाणे नगरपालिकेत गेला. सोमवारी तीन ते पाच तिथे तक्रारी ऐकून घेत, निदान तसं नाटक तरी करत. घरासमोरच्या पदपथावरचं गटाराचं झाकण चार महिन्यांपासून गायब होतं आणि चार महिने दर सोमवारी बातमीदार त्या खिडकीशी भांडत होता. खरं सांगायचं तर आठवड्यातली ही त्याची दुसरी आवडती जागा होती.

मंगळवारी सकाळी त्याने पुस्तक उघडलं. एकशे पन्नासव्या पानात काहीच नव्हतं. दोनशे सव्वीसव्या पानात लाल दोरा होता आणि त्याला चिकटून निळा.

रविवारपासून पुस्तक घराबाहेर गेलं नव्हतं. म्हणजे दंतवैद्य निर्दोष. बातमीदाराला याचा मनापासून राग आला.

तो स्वयंपाकघरात गेला. ताई पावाचे काप करत होती. सुरी हळू, बोटं जपून.

"ताई, माझ्या दोऱ्याला हात कुणी लावला?"

"कुणी कशाला लावील? वाचलं तिथपर्यंत असणार."

"मी वाचलेलं नाही."

"बरं बाबा. काल कुणी वाचलं मग?" ती हसली. "पहारेकऱ्याच्या बायकोचं पत्र आल्यावर तूच म्हणालास ना, उरलेलं पुढच्या सोमवारी."

"काल पावणेतीन ते पाच मी घरात नव्हतो."

"तसं तर तसं," ताई म्हणाली. लहानपणी त्याने फुलदाणी फोडून मांजरावर ढकलली, तेव्हाही ती याच सुरात बोलली होती.

आता या माणसाकडे शब्दाला शब्द नसतो, पुरावा असतो. त्याने खिशातून नगरपालिकेची पोचपावती काढली. त्यावर शिक्का होता, शिक्क्यावर वेळ होती, तीन वाजून पन्नास मिनिटं. "घे. वाच. मोठ्याने वाच."

ताईने पावती घेतली, खिडकीकडे तोंड केलं, क्षणभर डोळ्यांपुढे धरली आणि परत दिली. "बरं, असेल."

तिने पावती उलटी धरली होती.

३

"ताई," बातमीदार खुर्चीत बसत म्हणाला, "तुला दिसत नाही?"

"हे काय नवीन विचारतोस? तुला माहीत आहे."

"मला माहीत नाही."

ताईने सुरी ठेवली, हात पुसले. "मधलं गेलंय. कडा दिसतात. दार दिसतं, दारातला माणूस दिसत नाही. तू समोर बसलास की तुझे कान दिसतात, चेहरा नाही. तेवढंच बरं आहे म्हणा." स्वतःच्या विनोदावर ती हसली. "अक्षर तर पार पुसलंय. चार महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुलाच तर सांगितलं! दुसऱ्या कुणाला सांगितलंय? त्या सोमवारी मी पुस्तक घेऊन बसले होते. तासभर पान उलटलं नव्हतं. मनात म्हटलं, संपलं. आता रविवारी जाणंही संपलं. कुठल्या तोंडानं बसणार तिथे? तेवढ्यात तू आत आलास आणि विचारलंस, 'काय झालं?' मी सांगून टाकलं. आता हा घर डोक्यावर घेणार, डॉक्टरांना शिव्या देणार, मला चार इस्पितळं फिरवणार, असं वाटलं होतं. पण तू ओरडला नाहीस. खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, 'दे इकडे, मी वाचतो.'"

चार महिन्यांपूर्वीचा तो सोमवार त्याला चांगला आठवत होता. तक्रारीची पहिली पावती त्याच दिवसाची होती.

"आणि खरं सांगू?" ताई म्हणाली. "तू इतकं छान वाचत असशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. ह्या वयात एवढा आनंद मिळेल हेही नाही. फक्त त्या तिघांना बोलू नकोस. दया म्हणून खुर्ची दिलेली मला चालायची नाही. ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवशी मी उठले असं समज."

४

बातमीदाराने मंगळवार, बुधवार आणि अर्धा गुरुवार विचार केला. विचार म्हणजे त्याच्या पद्धतीने: शक्यता मांडायच्या आणि एकेकीची मान पकडायची.

ताईला भास होतात? पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला साठ टेलिफोन नंबर पाठ होते आणि रविवारी ती जे बोलत आली होती ते छापील पानाबरहुकूम होतं. ग्रंथपाल बाईंनी एकदाही हटकलं नव्हतं. मग कुणीतरी माणूस येऊन, त्याचं सोंग घेऊन, तिला वाचून दाखवतो? पण ताईने एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. "हॅलो" एवढ्यावरून ती माणूस, त्याचा मूड आणि त्याने जेवण केलंय की नाही हे सांगायची. डोळ्यांना चकवता येईल. तिच्या कानांना चकवणारा अजून जन्मायचा होता.

गुरुवारी दुपारी तो खालच्या मजल्यावर उतरला. तिथे घड्याळजी राहायचा. दार सताड उघडं ठेवून, एका डोळ्यावर भिंग लावून तो काम करायचा, आणि जिन्यातलं पाऊल त्याच्या दारावरूनच वर जायचं.

"सोमवारी दुपारी आमच्याकडे कोण येतं?" बातमीदाराने विचारलं.

"कोण येणार? तुम्हीच."

"किती वाजता?"

"तीन बत्तीसला. माझ्याकडे अकरा घड्याळं चालू असतात, चुकायला वाव नाही." घड्याळजी चिमट्याने एक इवलंसं चाक उचलत होता. "पावणेतीनला तुम्ही तणतणत जाता. तीन बत्तीसला येता, जिन्यात दोनदा खोकता. हल्ली माझ्याकडे बघून हसता. बरं वाटतं. पाच वीसला परत तणतणत येता, तेव्हा मात्र हसत नाही."

"एक मिनिट. साडेतीनला येतो आणि पाच वीसला पुन्हा येतो?"

"हो."

"मधे बाहेर केव्हा जातो?"

चिमटा हवेत थांबला. घड्याळजीने भिंग काढलं आणि जिन्याकडे पाहिलं, मग बातमीदाराकडे.

"जाताना," तो सावकाश म्हणाला, "कधी दिसला नाहीत."

मागच्या भिंतीवर अकरा घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती. बातमीदाराने या खोलीत आजवर शंभरदा पाय ठेवला असेल. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

५

पुढच्या सोमवारी तो घरीच राहिला. ही भानगड मिटवायचा साधा मार्ग होता: तोतया जे करतो ते स्वतः करायचं. खुर्ची रिकामी सापडली नाही की येणारा येणार कुठे?

तीनला त्याने खुर्ची ताईसमोर ओढली, चष्मा चढवला आणि दोनशे सव्वीसपासून सुरू केलं. सभेचा ठराव वाचावा तसं.

"'दिवा लावून झाल्यावर पहारेकऱ्याने कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी दिसत नव्हतं.' दिसत नव्हतं म्हणजे? मग दिवा कशाला लावलाय?"

"अरे, वाच ना."

"वाचतोय. 'बायकोचं पत्र त्याने खिशात चार घड्या करून ठेवलं होतं.' चार घड्या! हे लेखक घड्या मोजत बसतात आणि मुद्द्याचं सांगत नाहीत."

"आज काय झालंय तुला?" ताई म्हणाली. "सोमवारी तू मधे बोलत नाहीस."

"आज सोमवारच आहे."

"तेच म्हणते मी."

तो आणखी दहा पानं दामटत गेला. ताई हळूहळू खुर्चीत मागे सरली. तिने डोळे मिटले नाहीत. ते त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी लावून ती बसून राहिली, दाताचा डॉक्टर सांगेल तेवढा वेळ तोंड उघडून बसावं तशी. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ तीन पंचवीस दाखवत होतं. मग सव्वीस. बातमीदाराचा एक डोळा पानावर, एक घड्याळावर असं चाललं होतं.

"'पहारेकऱ्याने शिळेसाठी ओठ दुमडले, पण...'" त्याने पुस्तक टेबलावर आपटलं. "पण काय पण! दोनशे छत्तीस पानं याचं 'पण'च चाललंय!"

"राहू दे," ताई हळूच म्हणाली. "तुला आज जमायचं नाही. जा, तुझ्या खिडकीशी भांडून ये. बरं वाटेल."

हे त्याला झोंबलं. तो उठला, पायात बूट सरकवले आणि दार ओढून घेऊन निघाला. जिन्यात त्याला कुणी भेटलं नाही.

६

गल्लीच्या टोकाशी अर्जाचा कागद हातात घेतल्यावर त्याला कळलं की चष्मा घरीच राहिला. तो मागे वळला. घड्याळजी पाठमोरा होता. बातमीदार का कोण जाणे, चवड्यांवर जिना चढला आणि किल्लीने दार उघडताना कुलूप वाजू दिलं नाही.

आतून वाचण्याचा आवाज येत होता.

"'...पण घातली नाही. आधी तो थोडा वेळ नुसता उभा राहिला.'"

त्याच शब्दापासून. जिथे त्याने पुस्तक आपटलं होतं, त्याच्या पुढच्या शब्दापासून म्हणा, किंवा आणखी थोडं पुढे.

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. पण बातमीदाराने छत्तीस वर्षं मुलाखतींच्या टेप ऐकल्या होत्या. आपले प्रश्न, आपलं खोकणं, आपलं दुसऱ्याला तोडणं त्याला पाठ होतं. हा तोच आवाज होता. फक्त त्याला कसलीही घाई नव्हती. एक वाक्य संपलं की तो थांबायचा, ताईचा श्वास पुरा होऊ द्यायचा, मग दुसरं उचलायचा.

खोलीचं दार चार बोटं उघडं होतं. बातमीदार त्याच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

फटीतून ताई दिसत होती. चेहरा उजळलेला, पाय चपलांमधून काढून जवळ घेतलेले, चौदा वर्षांच्या मुलीसारखी. तिच्यासमोरच्या खुर्चीची पाठ दाराकडे होती. पाठीवरून कुणाचं डोकं दिसत नव्हतं. वाचणारा पुस्तकावर वाकला असावा. खुर्चीच्या हातावर एक कोपर होतं, तपकिरी स्वेटरमधलं.

"'त्याने शीळ घातली. पुलाच्या त्या टोकाला कुत्रा झोपला होता. त्याने मान उचलली नाही. पण त्याचा एक कान हलला, आणि सावकाश उभा राहिला.'"

"अगं बाई," ताई म्हणाली. तिने डोळ्यांना पदर लावला. "ऐकलं त्याने."

"हो," तो आवाज म्हणाला. "ऐकलं."

खुर्चीच्या कडेने एक हात पुढे आला आणि त्याने पान उलटलं. उजवा हात. करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली.

छापखान्याच्या लोखंडी दारात सापडून बातमीदाराची करंगळी मोडली, त्याला तीस वर्षं झाली होती. त्याने दाराच्या मुठीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. वर तपकिरी स्वेटरची बाही होती. मूठ किंचित करकरली.

"कोण आहे रे दारात?" ताईने विचारलं.

खुर्चीतल्याने मान वळवली नाही. "कुणी नाही, ताई," तो म्हणाला.

"मग वाच."

आयुष्यभर बंद दारांवर लाथा घातलेला हा माणूस. दार ढकलायला एक बोट पुरलं असतं. ढकललं असतं तर खुर्चीत कोण आहे ते कळलं असतं. आणि ताईलाही कळलं असतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते त्याने चार महिन्यांत नाही, चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण ते पाहायला तिच्यासमोर एवढा वेळ तो कधी बसलाच नव्हता. त्याने मुठीवरचा हात एकेक बोट करून काढून घेतला, खाली गेला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.

घड्याळजीने त्याला पाहिलं. पाच वीसला त्याने आतून फक्त खूण केली.

वर ताई एकटीच होती, पेंगत. पुस्तक टेबलावर होतं, शेवटच्या पानात लाल आणि निळा दोरा. बाजूला चष्मा, नीट घडी घातलेला. बातमीदाराने तो कानांवर चढवला. काड्या कोमट होत्या.

७

मंगळवारी त्याने कादंबरी स्वतः संपवली. शेवटची चोवीस पानं त्याने तीनदा वाचली, तिसऱ्यांदा बोट ठेवून. पहारेकरी शिळेसाठी ओठ दुमडतो, पण घालत नाही. थोडा वेळ उभा राहतो, दिवा विझवतो आणि घरी जातो. बस्स. कुत्र्याचा त्यात पत्ताच नव्हता. एकशे एक्याऐंशीनंतर कुत्रा कुठेच येत नव्हता.

रविवारी पाचही दोरे शेवटच्या पानात होते. दंतवैद्याने दोन रुग्णांना ताटकळत ठेवून पुस्तक उरकलं होतं.

"शेवट फुसका," तो म्हणाला. "भूल दिली आणि दात काढलाच नाही."

"मला आवडला," काकू म्हणाल्या. "उगीच टाके दाखवत नाही."

"मला तर तो कान विसरता येत नाही," ताई म्हणाली. तिचा चेहरा सोमवारचाच होता. "बहिरा कुत्रा, आणि शीळ घातल्यावर त्याचा कान उभा राहतो. सगळी कादंबरी त्या एका कानासाठी लिहिलीय बघा."

दंतवैद्याने कप खाली ठेवला.

"कोणता कान?" दंतवैद्य म्हणाला. "ताई, शेवटी कुत्रा आहेच कुठे? तो शीळसुद्धा घालत नाही. घालत नाही ना हो, ग्रंथपाल?"

ग्रंथपाल बाईंचा हात पुस्तकाकडे गेला. ताईची मान वळली. ज्या बाजूला कडा दिसत होत्या, त्या बाजूला. तिचे हात टेबलावरून मांडीत गेले, उठायच्या तयारीत असलेल्या माणसाचे जातात तसे.

बातमीदाराने पुस्तकावर पंजा ठेवला.

"घालतो," तो म्हणाला. "आणि कुत्र्याचा कान हलतो. आधी हलतो, मग सावकाश उभा राहतो. तुम्ही वाचता की पानं मोजता, डॉक्टर?"

"अहो, पण साहेब..."

"मी वाचलंय ते. सोमवारी. मोठ्याने."

ग्रंथपाल बाईंनी पुस्तकावरच्या त्याच्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं. मग ताईकडे, तिच्या जरा बाजूला लागलेल्या डोळ्यांकडे, बराच वेळ. वाचनालयात आयुष्य गेलेल्या बाईला वाचणारा आणि न वाचणारा डोळा कळतो. त्यांना काय उमगलं ते त्यांनाच ठाऊक. बहुधा भावाने बहिणीला गोड करून वाचून दाखवलं, एवढंच. त्यांनी हात मागे घेतला.

"आहे ते," त्या दंतवैद्याला म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही घाईत संपवलंत. आज कप तुम्ही धुवा."

"हा अन्याय आहे!" दंतवैद्य उठत म्हणाला. "आणि साहेबांनी आज ते सभेचं वाक्य म्हटलेलं नाही. नोंद घ्या."

ताईचे हात पुन्हा टेबलावर आले होते. काकूंनी तिला साखर किती ते विचारलं. बातमीदाराने वहीत तिचं मत शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायला उचललेली पेन्सिल खाली ठेवली. ऊन टेबलाच्या मध्यापर्यंत आलं होतं. आज खुर्ची डुगडुगत होती की नाही, त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ग्रंथपाल बाईंनी नवी कादंबरी पुढे सरकवली, कोरी करकरीत. काकूंनी पाच दोरे पहिल्या पानात ठेवले.

८

सोमवारी पदपथावर गटाराचं नवं झाकण बसवलेलं होतं. नगरपालिकेत जायचं काही कारण उरलं नाही.

बातमीदार सव्वातीनला बूट घालायला बसला. ताईच्या समोरची खुर्ची त्याने जागेवर आणली, तिच्यावर उशी ठेवली. नवी कादंबरी टेबलावर, आणि शेजारी चष्मा, काड्या उघडून.

"आज कशाबद्दल भांडणार?" ताईने विचारलं.

"सापडेल काहीतरी."

"लवकर ये. नवीन सुरू करायची आहे."

तो दाराशी घुटमळला. खुर्चीकडे पाहिलं. बसावं का? घाई न करता, मधे न बोलता, नुसतं वाचावं का? त्याने मनातल्या मनात एक वाक्य त्या आवाजात म्हणून पाहिलं. दुसऱ्याच शब्दाला तो त्याचा नेहमीचा आवाज झाला.

भिंतीवरच्या घड्याळात तीन बत्तीसला मिनिट कमी होतं. तो बाहेर पडला आणि दार नुसतं लोटून घेतलं.

पहिलं वळण उतरतो तोच खालून कुणीतरी दोनदा खोकलं. पावलं वर यायला लागली, सावकाश, त्याच्याच बुटांचा आवाज करत. जिना अरुंद होता; दोघांना समोरासमोर मावेल एवढी जागा नव्हती. बातमीदाराने तोंड फिरवलं, भिंतीला पाठ लावायची तर छाती लावली, पोट आत घेतलं आणि वाट दिली.

स्वेटरची लोकर त्याच्या पाठीला ओझरती लागली. पावलं वर गेली. लोटलेलं दार उघडलं.

"आलास?" ताई म्हणाली.